हमीद मास्तरांच्या नाटकातली म्हातारी

रविवार, १४ ऑक्टोबर २००७

जुईली, वर तारीख घाल आणि सांगते तसं लिही. तुझ्या आईनं फर्मान काढलंय की पोरगी मराठी विसरत चाललीय, तेव्हा आजीनं बोलायचं आणि नातीनं लिहायचं. आजीला अक्षर येत नाही, नातीला शब्द येत नाहीत. दोघींची मिळून एक धड बाई होईल असं संपदाला वाटतं.

तर मी द्वारका. वय बहात्तर, गाव सिन्नर. वीस वर्षं विड्या वळल्या. त्या विड्यांवर माझा उदय इंजिनिअर झाला. आता तो इथं कुवेतला पेट्रोकेमिकलमध्ये आहे आणि विडी ओढणाऱ्याला दारात उभं करत नाही. आम्ही खैतानात तिसऱ्या मजल्यावर राहतो. सकाळी सातला तो कंपनीत, सून हॉस्पिटलात, नात शाळेत. मग दोन वाजेपर्यंत घरात मी आणि एसी. एसी माझ्यापेक्षा जास्त बोलतो.

काल ईद झाली. संपदाच्या वॉर्डातली सिस्टर झुलेखा आमच्या खालीच राहते, बांगलादेशची आहे. तिनं शेवया पाठवल्या. त्या द्यायला तिचे वडील आले होते. उंच, वाळके, कुर्त्याची बटणं एक घर चुकवून लावलेली. मी म्हटलं, "बटन गलत है." ते खाली बघून म्हणाले, "दीदी, सात दिन से गलत है. आज किसी ने बोला."

"आजी, इज इट इनफ?" म्हणते. नाही. शेवयांत साखर जास्त होती, तेही लिही.

शुक्रवार, १९ ऑक्टोबर

खालचे म्हातारे म्हणजे मोठं प्रकरण आहे. झुलेखा संपदाला सांगत होती. प्रोफेसर हमीद. नाटकं लिहितात. तीस वर्षं खेड्यापाड्यांतून फिरून न शिकलेल्या बायांची गाणी-गोष्टी गोळा केल्या, त्याची जाडजूड पुस्तकं आहेत. दोनदा तुरुंगात गेले. तिथंही नाटक लिहिलं आणि कैद्यांकडून करून घेतलं. आता त्यांच्या देशात आणीबाणी आहे, आपल्याकडे पंचाहत्तर साली होती तशी. म्हणून लेकीनं व्हिजिटवर इथं आणून ठेवलंय. व्हिसा संपत आला की वाढवून घ्यायचा. नाही वाढला तर परत जायचं, आणि परत गेले की विमानतळावरूनच उचलतील.

मी त्यांना विचारलं, एवढं शिकलेला माणूस तुरुंगात जातो कशाला? ते म्हणाले, "शिकलो नसतो तर गेलो नसतो." मला पटलं नाही. पण माणसाला उत्तर देता येतं. या इमारतीत तेवढंही कुणाला येत नाही.

मी त्यांना मास्तर म्हणते. त्यांना आवडतं.

सोमवार, २९ ऑक्टोबर

संध्याकाळी तुळशीदास आला होता. तो आमच्या महाराष्ट्र मंडळाचा अध्यक्ष. पोट पुढं, मोबाइल कानाला. संक्रांतीच्या संमेलनात दरवर्षी नाटक असतं. बसवणारे जोशी बदली होऊन पुण्याला गेले. तुळशीदास रडकुंडीला आला होता. "काकू, यंदा अंताक्षरी ठेवावी लागणार."

मी म्हटलं, "खाली एक नाटकवाला रिकामा बसलाय की."

"ते बंगाली? त्यांना मराठी येतं का?"

"तुला नाटक येतं का? तरी दरवर्षी करतोसच ना."

संपदा हसली. उदय हसला नाही. तो अशा वेळी चष्मा पुसतो.

शुक्रवार, ९ नोव्हेंबर, दिवाळी

ठरलं. मास्तर नवं नाटक देताहेत. ते हिंदीत सांगतात, संपदा मराठी करते. पाऊण तासाचं आहे. गावातल्या शाळेचा मास्तर पोरांना खरं काय ते शिकवतो, म्हणून त्याला पकडायचंय. साक्ष द्यायला कुणी तयार नाही. मग अधिकारी त्याच्या म्हाताऱ्या, न शिकलेल्या आईकडं येतो आणि एका कागदावर तिचा अंगठा घेतो. झालं नाटक.

म्हातारी व्हायला मंडळातली एकही बाई तयार होईना. एकेकीचं वय पन्नाशी उलटून गेलंय, पण सगळ्या सुना होणार. मास्तरांनी माझ्याकडं बोट केलं.

मी म्हटलं, मला वाचता येत नाही. ते म्हणाले, "इसीलिए."

उदयला एका गावकऱ्याचं छोटं काम मिळालं. पण तुळशीदास अधिकारी आहे, हे मला चांगलं वाटलं. त्याच्या तोंडावर चार शब्द सुनावायची संधी मिळेल.

मंगळवार, १३ नोव्हेंबर

आमची तालीम अशी चालते. बाकीचे कागद घेऊन उभे राहतात. मी आणि मास्तर खाली त्यांच्या खोलीत समोरासमोर बसतो. ते म्हणतात, आता अधिकारी दारात आलाय, तू काय म्हणशील? मी जे म्हणते ते झुलेखा लिहून घेते आणि तेच नाटकात जातं. आज मी म्हटलं, "साहेब, बूट बाहेर काढा, सारवण ओलं आहे." मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. म्हणाले, तीस वर्षं मी अशी वाक्यं शोधत फिरलो.

बघ जुईली, तीस वर्षं पायपीट, आणि माल खैतानात, तिसऱ्या मजल्यावर.

भांडणही झालं. मी म्हटलं, ही बाई अंगठा देते कशी? मुलाविरुद्ध? इतकी कशी बावळट? मी नसता दिला. मास्तर म्हणाले, "देती है, दीदी." मी पुन्हा म्हटलं, बदला. त्यांनी वही मिटली आणि उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. लेखकांना नाकावर माशी बसलेली चालत नाही.

शनिवार, १७ नोव्हेंबर

मास्तरांच्या मुलखात मोठं वादळ झालं. टीव्हीवर दाखवतात, झाडं नाहीत, घरं नाहीत, नुसतं पाणी. त्यांचं गाव बारिशालकडं. फोन लागत नाही. झुलेखानं ड्यूटी बदलून घेतली. मी भात आणि पिठलं नेऊन ठेवलं, ते तसंच होतं.

आज इतकंच.

रविवार, २५ नोव्हेंबर

फोन लागला. मास्तरांची आई आहे, जिवंत आहे. पंच्याऐंशीची बाई! घराचं छप्पर गेलं, पुतण्याच्या घरी आहे. मी म्हटलं, मग बोललात का? मास्तर उठून खिडकीशी गेले. झुलेखानं मला आत नेऊन सांगितलं.

वीस वर्षांमागं पोलीस त्या बाईकडं आले होते. म्हणाले, धान्य वाटायचंय, अंगठा द्या. कागदावर लिहिलं होतं की माझा मुलगा घरात सरकारविरुद्धची पत्रकं दडवतो. त्या अंगठ्यावर मास्तरांना चार वर्षं झाली. सुटून घरी गेले तर आई आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून बसली. तेव्हापासून ती त्यांच्यासमोर येत नाही. फोनवर येत नाही. पत्र आलं तर कुणाला वाचू देत नाही.

मी बाहेर येऊन विचारलं, "तिला वाटतं की तुम्ही रागावलात?"

मास्तर म्हणाले, "नाही दीदी. तिला ठाऊक आहे की मी रागावलो नाही. तेच तिला सोसत नाही." हिंदीत म्हणाले, पण असंच म्हणाले.

म्हणून त्यांनी हे नाटक लिहिलंय. पत्र ती वाचू देणार नाही. पण गावोगाव नाटक व्हायचं तेव्हा ती पहिल्या ओळीत बसायची. कुणीतरी जाऊन तिला सांगेल, की तुझं नाटक झालं, कुवेतला लोकांनी पाहिलं आणि तुला कुणी दोष दिला नाही. मग कदाचित ती फोनवर येईल. बाई आणखी किती दिवसांची?

आणि मी तिला बावळट म्हटलं होतं. वर तेरा तारखेचं पान आहे ना, त्यातून तेवढं खोडून टाक.

खोडलंस का? बरं.

मंगळवार, ४ डिसेंबर

आज मी मास्तरांना सांगितलं, तुमचा अधिकारी चुकलाय. तो दरडावतो. दरडावल्यावर आमच्यासारख्या बाया अंगठा देत नाहीत, मूठ आवळतात. अंगठा घ्यायचा तर गोड बोलावं लागतं. 'आई' म्हणावं लागतं. चहा मागवावा लागतो. मग आपल्यालाच वाटतं, एवढा मोठा माणूस, त्याचं मन कसं मोडायचं.

मास्तरांनी विचारलं, "तुला कसं माहीत?"

मी म्हटलं, आता वय झालं, माहीत असतं.

त्यांनी सगळा प्रवेश फिरवला. तुळशीदासला गोड बोलायला सांगितलं तर तो मंडळाची वर्गणी मागतो तसं बोलायला लागला. अगदी बरोबर जमलं.

गुरुवार, १३ डिसेंबर

विस्कटलं.

मास्तरांनी वादळानंतर लेख लिहिला होता, मदत कुणाला पोचली आणि कुणाला नाही त्याचा. तिकडं छापून आला आणि तिकडंच त्यांच्यावर खटला भरला. कुणीतरी ती बातमी तुळशीदासच्या ऑफिसात फिरवली. तो घामाघूम होऊन आला. परक्या देशात राहायचं, हॉल मिळतो तो इथल्या सरकारच्या परवानगीनं, उद्या कुणी विचारलं तर काय सांगायचं? नाटक रद्द. आणि मंडळानं एक कागद केलाय. नाटकातल्या सगळ्यांनी सही करायची. कुणी विचारलं तर दाखवायला.

उदयनं सही केली.

मी म्हटलं, काय लिहिलंय त्यात? तो म्हणाला, "काही नाही आई, फॉर्मॅलिटी आहे. तुझा अंगठा परवा घेऊ, तुळशीदास शाई आणतोय." आणि चष्मा पुसायला लागला.

झुलेखा जिन्यात भेटली. कागदाचं तिच्या कानावर गेलं होतं. तो कुठं चुकीच्या टेबलावर गेला तर बाबांचा व्हिसा वाढायचा नाही. एकवीस जानेवारीला संपतो.

शुक्रवार, १४ डिसेंबर

जुईली, पेन खाली ठेव. हे लिहायचं नाही, नुसतं ऐकायचं.

सिन्नरला कारखान्यात माझ्या शेजारी रबिया बसायची. सुपात पान, कात्री चालतेय आणि तोंडही चालतंय. विड्या तपासणारा चांगल्या विड्यासुद्धा छाट म्हणून बाजूला काढायचा आणि नंतर त्याच विकायचा. सगळ्यांना ठाऊक, बोलत कुणी नव्हतं. रबिया बोलली. चार दिवस आम्ही सगळ्या बाया सुपं पालथी घालून बसलो. पाचव्या दिवशी मुनीमानं मला आत बोलावलं. खुर्ची दिली. आयुष्यात पहिल्यांदा खुर्ची! चहा दिला, बशीसकट. म्हणाला, द्वारकाताई, हजेरीचा कागद आहे. मी दिला अंगठा. त्यात लिहिलं होतं की रबिया आम्हाला काम करू देत नाही, शिव्या देते, मारायची धमकी देते. रबियाला काढलं. तालुक्यात कुठल्याच कारखान्यात तिला पान मिळालं नाही. ती मालेगावला गेली म्हणतात.

मला ठाऊक नव्हतं की हो कागदात काय होतं. पण विचारलंही नव्हतं. खुर्चीवर बसून कोण विचारतं.

तुझ्या बापालासुद्धा हे माहीत नाही. तू लिहीत तर नाहीस ना? मग हात का हलतोय? चित्र काढतेस? बरं, काढ.

शनिवार, १५ डिसेंबर

आज लिही आणि मोठ्या अक्षरात लिही.

तुळशीदास, त्याची बायको, नाटकातली आणखी दोघं, सगळे आमच्या हॉलमध्ये. तुळशीदासनं शाईची डबी उघडून टीपॉयवर ठेवली. संपदा चहा करायला उठली, मी म्हटलं, चहा नको. आधी वाचा.

"काकू, मोठा मजकूर आहे."

"मला घाई नाही. जुईली, तू वाच."

पोरीनं वाचलं, अडखळत, पण सगळं वाचलं. आम्हाला या माणसाची पार्श्वभूमी माहीत नव्हती. त्यानं आम्हाला अंधारात ठेवून नाटकात राजकीय मजकूर घातला. नाटकाचा सर्व मजकूर त्याचाच आहे. आमचा त्याच्याशी काही संबंध नाही.

मी म्हटलं, "सर्व मजकूर त्याचा? 'बूट बाहेर काढा' कुणाचं? गोड बोलणारा साहेब कुणाचा? अर्धं नाटक माझं आहे, तुळशीदास! ते तू त्यांच्या नावावर कसं करतोस?"

"काकू, तुमच्याच भल्यासाठी..."

"आणि अंधारात कुणी ठेवलं? तुरुंगाची गोष्ट तर पहिल्या दिवशी तुझ्या बायकोनंच मला दोनदा विचारली."

त्याची बायको टाइल्स मोजायला लागली.

मग उदय बोलला. माझ्याजवळ खाली बसला, माझा हात हातात घेतला. "आई, दे ना. मी आहे ना. बाकीचं मी बघतो."

काय सांगू? असा गोड बोलला! मुनीम परवडला. माझा हात सैल पडला होता, खोटं कशाला सांगू. आपलं पोर मागतंय, त्याची नोकरी, त्याची भीती. एवढंसं तर बोट.

मग मी ते बोट पदरात गुंडाळलं आणि म्हटलं, "उदय, त्या बाईनं दिला कारण तिला कुणी वाचून दाखवलं नाही. मला माझ्या नातीनं वाचून दाखवलंय. आता मला सबब नाही."

मी जुईलीकडं वळले. मी म्हटलं, जुईली, कोरा कागद घे. लिही: मी द्वारका, राहणार सिन्नर, सध्या खैतान. प्रोफेसर हमीद यांना मी ओळखते. त्यांनी मला काही फसवलं नाही. नाटकात माझी वाक्यं आहेत आणि ती मी माझ्या मनानं बोलले. परत वाच. वाचलं. मग मी तुळशीदासच्याच शाईत बोट बुडवून त्या कागदावर उमटवलं. शाई चांगली होती.

तुळशीदास दोन्ही कागद घेऊन गेला. माझा कशाला नेला, देव जाणे.

उदय माझ्याशी बोलत नाही. मीही बोलत नाही. पण पोरीनं 'पार्श्वभूमी' हा शब्द नीट वाचला. ऱ्हस्व-दीर्घ संपदा बघेल.

गुरुवार, २७ डिसेंबर

थंडी. उदय आज अर्धी सुट्टी टाकून शहरात शर्कला गेला. मी विचारलं कुठं, तर म्हणाला, मासळी बाजारात. इस्त्रीचा शर्ट, काखेत फाइल, बरोबर कंपनीचा कागदपत्रं करणारा मंदूब. दुपारी रिकाम्या हातानं आला. म्हणे चांगले मासे नव्हते.

रविवार, ६ जानेवारी २००८

उदय पुन्हा शर्कला. पुन्हा मासे नाहीत. एवढा शिकला, पण बाजार करायला शिकला नाही. बापावर गेलाय.

गुरुवार, १० जानेवारी

मास्तरांचा व्हिसा तीन महिने वाढला! झुलेखा रडत रडत वर आली. म्हणाली, कुणीतरी त्यांच्यासाठी हमी दिली, कागदावर सही केली, नाव सांगत नाहीत. एप्रिलमध्ये एका थंड मुलखातलं विद्यापीठ त्यांना बोलावतंय, तोवर काळजी नाही. मी गणपतीला एकवीस मोदक बोलले होते. तोच पावला.

मी उदयला सांगितलं, तर म्हणाला, "हो का?" आणि शीळ घालत आंघोळीला गेला. बाकी दुसऱ्याच्या आनंदाचं काही नाही या मुलाला. मात्र आज बोलला, हेही खरं. विचारलं, "आई, नाटकाचं काय करायचं?"

मी म्हटलं, करायचं म्हणजे? व्हायचं. हॉल नाही तर गच्ची आहे. इमारतीचा रखवालदार यूसुफ, इजिप्तचा आहे, त्याला मी सुंठीचा काढा दिला होता खोकल्यावर. तो किल्ली देतो म्हणालाय. माणसं घरातली, शेजारची. कुणाला बोलावणं नाही, कुणाला बंदी नाही.

"पण अधिकारी कोण? तुळशीदास येणार नाही."

त्यानं चष्मा काढला, पुसला नाही, तसाच परत घातला. मग म्हणाला, "मला वाक्यं पाठ आहेत."

शुक्रवार, १८ जानेवारी

झालं नाटक.

सकाळचे दहा. गच्चीवर ऊन, पण वारा असा की कानात सुया टोचाव्यात. डिश अँटेनांच्या मधे दोन चटया घातल्या, ती माझी झोपडी. वॉर्डातल्या सिस्टरा आल्या, कोट घालून. खालच्या मजल्यावरचे केरळी, झुलेखाच्या ओळखीचे सहा-सात बंगाली कामगार, सुट्टीचे धुतलेले कपडे घालून. यूसुफनं स्वतःची खुर्ची आणली आणि तिच्यावर स्वतःच बसला. नाटक मराठीत, बघणारे बाराघरचे. मास्तर पाण्याच्या टाकीला टेकून उभे होते. बटणं बरोबर होती.

आम्ही पाचातले दोघंच, मी आणि उदय. ज्यांनी सही केली आणि आले नाहीत त्यांची वाक्यं संपदानं म्हटली.

मग उदय आला, अधिकारी होऊन. मी म्हटलं, "साहेब, बूट बाहेर काढा, सारवण ओलं आहे." लोक हसले, कसे समजले कोण जाणे. त्यानं बूट काढले. बसला. मला आई म्हणाला. चहा मागवला. कागद पुढं केला. म्हणाला, "आई, दे ना. मी आहे ना. बाकीचं मी बघतो."

हे नाटकात नव्हतं. हे त्यानं आमच्या हॉलमधून आणलं होतं.

मी त्याच्याकडं बघितलं. त्याचा चेहरा चौथीत नापास झाला तेव्हासारखा झाला होता. मला वाटलं, इथं पदरात बोट गुंडाळावं आणि टाळ्या घ्याव्यात. सगळ्यांना आवडलं असतं. पण त्या बाईनं तसं केलं नव्हतं, आणि सिन्नरच्या बाईनंही केलं नव्हतं. मी बोट पुढं केलं. शाई लावली. कागदावर ठेवलं. मास्तरांनी बजावलं होतं, म्हातारी रडणार नाही. मी रडले नाही. फक्त विचारलं, "साहेब, झालं ना? माझा मुलगा जेवायला येईल आता, मी चूल पेटवते."

मग एक बंगाली कामगार, वयस्कर, उभा राहिला आणि सगळेच उभे राहिले. टाळ्या बऱ्याच वेळानं आल्या. मास्तर पुढं आले आणि माझ्या पायाला हात लावला. सगळ्यांसमोर! मी म्हटलं, उठा, गुडघे दुखतील.

जिन्याच्या दारात तुळशीदास होता, तिळगुळाचा डबा घेऊन. केव्हापासून उभा होता माहीत नाही. म्हणाला, "काकू, मंडळाचं संमेलन फार बेकार झालं."

मी म्हटलं, "ऐकलं. अंताक्षरी होती ना?" आणि त्याचा तिळगूळ घेतला.

वीस वर्षं विड्या वळल्या, एक मुलगा वाढवला, समुद्र ओलांडून आले. पण आजच्यासारख्या ताठ मानेनं मी कुठलाच जिना उतरले नव्हते. आणि माझा उदय! काम चांगलं केलं पोरानं. मासे आणता येत नाहीत, पण काम चांगलं केलं.

शनिवार, १९ जानेवारी

सकाळी झुलेखानं बोलावलं. पुतण्याचा फोन लागला होता. त्याच्या घरी सगळ्यांना नाटकाचं कळलं होतं. मास्तर म्हणाले, आई फोनवर यायला नाही म्हणते.

मी म्हटलं, मुलाशी बोलायला नाही म्हणते ना? सांगा, कुवेतहून एक बाई बोलतेय. जिनं काल तिचं काम केलं ती.

तिकडं बरीच कुजबुज झाली. कोंबड्या ओरडत होत्या. मग कुणीतरी फोन घेतल्याचा आवाज आला, नुसता श्वास. झुलेखानं फोनचा आवाज मोठा केला आणि मधे बसली, माझं हिंदी तिकडं बंगालीत सांगायला, तिकडचं इकडं आणायला.

मी म्हटलं, "नमस्कार बाई. मी द्वारका. काल मी तुम्ही झाले होते." झुलेखानं सांगितलं. श्वास.

"साहेब गोड बोलला. कागद पुढं केला. मी अंगठा दिला. बघायला चाळीस माणसं होती. कुणी मला वाईट म्हटलं नाही. सगळी उभी राहिली."

श्वास.

"आणि बाई, मीसुद्धा एकदा खरंच दिला होता. माझ्या मैत्रिणीविरुद्ध. कुणाला सांगितलं नाही कधी." जुईलीला सांगितलंय, पण तिनं ते लिहिलेलं नाही.

मला वाटलं, ठेवला फोन. मास्तर भिंतीकडं तोंड करून उभे होते. मग आवाज आला, बारीक, पण खणखणीत. झुलेखा ऐकता ऐकता हसायला लागली आणि रडायलाही लागली.

"काय म्हणाली?"

"विचारते, तू साडी कुठली नेसली होतीस?"

मी म्हटलं, "पांढरी. निळ्या काठाची. मास्तरांनी सांगितली होती."

तिकडून ताडकन उत्तर आलं. झुलेखा म्हणाली, "दादी म्हणते, निळा नव्हता, हिरवा होता. आणि तू खाली बसली होतीस का?"

"बसले होते. चटईवर."

"ती म्हणते, मी बसले नव्हते. मी उभी होते. पूर्ण वेळ उभी होते. त्याला काय माहीत, तो कुठं होता तेव्हा? सगळं चुकीचं लिहिलंय त्यानं."

मी म्हटलं, "मग हे तुम्ही त्यांनाच सांगा, बाई. मला कशाला ऐकवता?"

झुलेखानं सांगितलं. कोंबड्या. मग दोन शब्द आले. त्यांचा अर्थ मला कुणाला विचारावा लागला नाही. मास्तर एकदम वळले. सहासष्ट वर्षांचा, दोनदा तुरुंग पाहिलेला माणूस, हेडमास्तरसमोर उभं राहावं तसा ताठ उभा राहिला आणि दोन्ही हातांनी फोन धरला.

तिकडून बाई बोलायला लागली. वीस वर्षांचं साठलेलं, थांबेचना. मास्तर नुसते "हँ माँ, हँ माँ" म्हणत होते आणि झुलेखाला हातानं खूण करत होते, वही दे, पेन्सिल दे.

मी उठले. लोकांची आई लोकांना रागावत असताना आपण तिथं बसून राहू नये. पण जिन्यात मी थांबले होते, पुष्कळ वेळ. तेही लिही.